कपातली कॉफी संपेपर्यंत

इंगालिल मोठा थर्मास काखोटीला मारून गाडीतून उतरली तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण ती फक्त घड्याळात. जूनच्या त्या दिवसांत उत्तरेकडे सूर्य मावळायचं नाव काढत नाही. रानाच्या कडेकडेने रेंगाळत राहतो आणि माणसांना झोपू देत नाही. भुतांना अंधार लागतो अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एकदा या दिवसांत आमच्या उत्तरेला यावं.

स्टेशन म्हणजे एक लाल लाकडी घर, आणि त्यातच कॉफीचं दुकान. इथे गाडी जेवायला थांबते. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरतो, तळलेला मासा आणि बटाटे खातो, मिशा पुसतो आणि मग गाडी सुटते. गाडी तरी केवढी, एकच डबा. असा एक डबा रोज रानातून उत्तरेला जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. घाई असलेला माणूस त्यात बसतच नाही.

इंगालिलला घाई नव्हती. आयुष्यभर तिने शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं होतं. घाई केली की बोट कापतं, हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की तिला स्वतःलाही ते पटलं होतं.

"गळ्यापर्यंत भरा," थर्मास पुढे करत ती म्हणाली. "आणि साखरेचे खडे द्या थोडे."

दुकानातल्या बाईने थर्मास भरला, आणि निळ्या काठाचे तीन कप आणि तीन बश्या टोपलीत ठेवल्या. "कागदी कपातून कॉफी कसली पिता. हे घेऊन जा, परत येताना द्या. इथूनच जाल ना?"

"इथूनच. पण दोनच पुरेत, आम्ही दोघंच आहोत."

बाईने खिडकीबाहेर उभ्या डब्याकडे पाहिलं. "मग तुमच्या मिस्टरांसमोर बसलेत ते कोण?"

इंगालिलनेही पाहिलं. तिरक्या उन्हाने काच चमकत होती, काही दिसत नव्हतं. कोणीतरी पाय मोकळे करायला त्या बाजूला गेलं असेल, असं म्हणत तिने टोपली उचलली.

तिचा नवरा आल्वार खाली उतरला नव्हता. तो उतरत नसे, आणि बोलतही नसे. तिचं सगळं दुखणं तेच होतं.

आल्वारने तीस वर्षं विमानं चालवली. देखणा, बोलका, जरासा फुशारक्या मारणारा माणूस. गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, परवाना गेला, आणि त्याच्यासोबत त्याची वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "जिभेला काही झालेलं नाही. बोलावंसं वाटलं की बोलतील." पण त्याला काहीच वाटेनासं झालं होतं. दक्षिणेला, मालमो शहरातल्या घरात तो खिडकीशी बसायचा आणि खाडीपलीकडच्या विमानतळावर उतरणारी विमानं बघायचा. जेवायला वाढलं की जेवायचा. इंगालिल त्याच्याशी बोलायची आणि उत्तरंही तीच द्यायची. एकदा तिने मुद्दाम कॉफीत मीठ घालून दिलं. त्याने ती निमूट पिऊन टाकली. त्या दिवशी ती न्हाणीघरात दार लावून रडली.

मग तिने तिकिटं काढली. मालमोपासून थेट उत्तरेच्या टोकापर्यंत, सगळी रेल्वेने.

"दोन दिवस?" मुलगी हिलेवी फोनवर ओरडली होती. "आई, एवढ्या वेळात लोक ऑस्ट्रेलिया गाठतात!"

"मला ऑस्ट्रेलियाला जायचं नाही."

"बाबा कंटाळतील."

"कंटाळला तर बरंच की. निदान काहीतरी तर वाटेल त्याला!"

खरी गोष्ट अशी की इंगालिलला रेल्वे फार आवडायची, आणि लग्नानंतर ती हौस तिने गुंडाळून ठेवली होती. वैमानिकाच्या बायकोने रेल्वेने फिरणं म्हणजे आचाऱ्याच्या बायकोने खाणावळीचा डबा लावण्यातला प्रकार. आता मात्र ती दोन दिवस चंगळ करत होती. मांडीवर विणकाम, खिडकीत नदी. नदी सोबतीला यायची, मधेच झाडांमागे जायची, पुन्हा हजर. सकाळी रुळांवर रेनडियरचा कळप आला तेव्हा ड्रायव्हरने गाडी थांबवली, भोंगा वाजवला, शेवटी खाली उतरून हात जोडले. रेनडियर हलले नाहीत. सगळा डबा हसला. इंगालिलने आशेने आल्वारकडे पाहिलं. तो नखं बघत होता.

आणि ही गाडी तिने का निवडली, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. हिच्या वाटेवर त्रानमीरा नावाचा थांबा होता. आल्वार तिथे जन्मला होता. त्याचा बाप हेनिंग तिथला रुळांची देखरेख करणारा माणूस. अठराव्या वर्षी आल्वार याच गाडीत बसून निघाला, तो पुन्हा या गाडीने कधीच आला नाही. बायकोलाही त्याने तिकडे नेलं नाही. "काय आहे तिथे? चिखल आणि डास," म्हणायचा. बापाच्या अंत्यविधीला गेला तोही विमानाने, जवळच्या शहरात उतरून टॅक्सीने, आणि संध्याकाळी परत. घरची एकच गोष्ट तो रंगवून सांगायचा. त्यांच्याकडे कपात कॉफी असताना पाहुणा उठला तर घरच्या बाईचा अपमान होतो. पुरे झाली की कप बशीत पालथा घालायचा, मग उठायचं. आणि शेजारणीने गाडीच्या वेळेला पुन्हा कप भरला म्हणून त्याच्या बापाने एकदा स्वतःच्याच थांब्यावरची गाडी चुकवली होती. हे सांगताना आल्वार स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचा.

त्या दिवशी दुपारी मायकेन त्यांच्याजवळ येऊन टेकली होती. मायकेन म्हणजे गाडीची यजमानीण, गोल चेहऱ्याची, साठीची, बोलायला सदा तयार. तिकिटं बघणं, जेवणाची ऑर्डर पुढच्या स्टेशनाला कळवणं आणि प्रवाशांचं मन रमवणं, सगळं तिच्याकडे. पुढे कायकाय लागेल ते ती सांगत होती.

"मग त्रानमीरा. तिथे आता कोणी राहत नाही. पण गाडी थांबते हो."

"कोणी नाही तर कशाला?" इंगालिलने विचारलं.

"तबकडी फिरवलेली असते ना! थांब्यावर खांबाला गोल तबकडी असते बघा. गाडी हवी असली की माणसाने ती गाडीच्या दिशेला वळवायची, आणि चढताना पुन्हा सरळ करायची. तिथे एक म्हातारा होता, हेनिंग म्हणून. शेवटची काही वर्षं रोज संध्याकाळी तबकडी फिरवायचा. चढायचा नाही कधी. मी नवीन होते तेव्हा. एकदा रागावून विचारलं, आजोबा, थट्टा लावलीय का आमची? तर म्हणाला, माझा मुलगा यायचाय. लाजाळू आहे, इथे थांबवा म्हणून सांगणार नाही तुम्हाला. मग तसाच पुढे जाईल."

इंगालिलच्या सुया थांबल्या. तिने आल्वारकडे बघायचं टाळलं.

"मग?"

"मग काय, आम्ही दार उघडायचो. तो आत डोकावायचा. 'आज नाही वाटतं आला,' म्हणायचा, तबकडी सरळ करायचा आणि जायचा घरी. गेला बिचारा, झाली बरीच वर्षं. तबकडी अजूनही फिरलेली असते."

"वाऱ्याने फिरत असेल."

"खिटी असते तिला." मायकेन उठली, एप्रन झटकला. "आम्ही उतरून सरळ करतो ती आणि निघतो. तबकडी फिरली की थांबायचं, हा नियम आहे. नियमात माणूस दिसलाच पाहिजे असं काही लिहिलेलं नाही."

ती गेल्यावर इंगालिलने हळूच मान वळवली. आल्वार काचेकडे तोंड करून बसला होता. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. बस्स, एवढंच. पण कित्येक महिन्यांत तिने एवढंही पाहिलं नव्हतं.

हे सगळं डोक्यात घोळवत ती टोपली घेऊन डब्यात चढली, आणि आल्वारसमोर खरंच एक माणूस बसलेला होता.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे बस असो, गाडी असो, अनोळखी माणसाच्या शेजारी बसायचं नाही, हा अलिखित कायदा आहे. एकच जागा उरली असेल तरी लोक उभे राहतात. आणि इथे तर बाकीचे वाटेत उतरून अख्खा डबा रिकामा, पुढच्या टोकाला तीन जर्मन गिर्यारोहक पाठपिशव्यांवर डोकं टाकून घोरत पडलेले. असं असताना एखादा येऊन थेट समोर बसला, तर तो दारुडा तरी असणार नाहीतर वेडा. आणि दुसरा कायदा असा की, तो कोण हे त्याला विचारायचं नाही. इंगालिलने विचारलं नाही. किंचित हसून मान लववली आणि आल्वारशेजारी बसली. नंतर तिने या सभ्यतेला स्वतःच शिव्या घातल्या.

माणूस म्हातारा होता. जाडा काळा लोकरी कोट, जूनमध्ये. टोपी मांडीवर, हात टोपीवर. त्याच्या अंगाला डांबराचा वास होता, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांना उन्हात येतो तसा, आणि त्याखाली ओल्या शेवाळाचा.

गाडी सुटली.

तिने रीतीप्रमाणे कॉफी ओतली. तिसरा कप होताच, तोही भरला आणि पुढे सरकवला. म्हाताऱ्याने साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी बशीत ओतली आणि बशी ओठांशी नेली. तिकडची जुनी माणसं तशीच पितात.

आणि आल्वार बोलला.

"हा पूल," तो म्हणाला. आवाज गंजल्यासारखा होता. "इथून पडलो होतो मी. बर्फ फुटला होता."

इंगालिलने थर्मास हळूच टेबलावर ठेवला.

म्हाताऱ्याने उत्तर दिलं, ते तिकडच्या पद्धतीने. उत्तरेकडची माणसं 'हो' म्हणत नाहीत. ओठांचा चंबू करून झटकन श्वास आत ओढतात, की झालं 'हो'. श्शुप्. दक्षिणेच्या माणसाला वाटतं, यांना काहीतरी टोचलं.

"तुम्ही काढलंत मला," आल्वार म्हणाला. "आणि आईला सांगितलं नाहीत."

श्शुप्.

"हा डोंगर. इथे तितर पकडायला फास लावायचो... आणि ती झोपडी, तिचं छप्पर गेलं वाटतं." तो काचेला नाक लावून बोलत होता, भराभर, तिकडच्या बोलीत. ही बोली त्याने लग्नानंतर कधी वापरली नव्हती. "तीस वर्षं मी या सगळ्यावरून उडालो. वरून नुसतं हिरवं दिसतं हो. नुसतं हिरवं, आणि मधे मधे पाण्याचे ठिपके. मी प्रवाशांना सांगायचो, खाली आता बघण्यासारखं काही नाही."

इंगालिलला रडू कोसळत होतं आणि हसूही येत होतं. बोलतोय! माझा आल्वार बोलतोय! या म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं. ज्याला डॉक्टर, औषधं, मुलगी, ती स्वतः, कोणीच बोलतं करू शकलं नाही, तो एका पुलापाशी बोलता झाला. जरासा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोला.

मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

खिडकीचा छोटा सुती पडदा. म्हाताऱ्याने श्वास आत ओढला की तो पडदा त्याच्याकडे झुकायचा. श्शुप्, आणि पडदा झुकायचा. मग हळूहळू सरळ व्हायचा. त्याच्या तोंडून उलटा वारा कधीच येत नव्हता. इंगालिल बघत राहिली. म्हातारा श्वास आत घेत होता. पुन्हा आत घेत होता. बाहेर सोडताना मात्र तिला एकदाही दिसला नाही...

ती आल्वारच्या जवळ सरकली.

बाहेर रान विरळ झालं आणि दलदल सुरू झाली. सपाट, पिवळसर, कुठेकुठे वाळक्या झाडांचे खुंट. सूर्य समोरच होता, पण दलदलीतून धुकं उठत होतं आणि ऊन त्या धुक्यात अडकून सगळीकडे दुधासारखं पसरलं होतं. कशालाच सावली नव्हती. दूर कुठेतरी क्रौंच ओरडले.

"आल्वार," ती हळूच म्हणाली. "हे... हे कोण आहेत?"

आल्वारने तिच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, आणि त्यांत इतका आनंद होता की तिला जास्तच भीती वाटली. "मला घ्यायला आलेत," तो म्हणाला. "वेशीपर्यंत आलेत बघ, घ्यायला."

गाडीचा वेग कमी झाला. ड्रायव्हरने छोटा भोंगा दिला.

धुक्यातून एक खांब सरकत जवळ आला. त्यावरची गोल तबकडी गाडीकडे तोंड करून होती. म्हातारा तर इथे बसलाय, इंगालिलच्या मनात आलं. मग ती फिरवली कोणी?

"त्रानमीराऽ!" मायकेन दाराशी ओरडली. दार उघडलं. आत गारवा आला, आणि शेवाळाचा वास. बाहेर लाकडी फलाट, एक बाक, आणि त्यापलीकडे धुक्यात शिरणारी पायवाट. बाकी कोणी नाही. इंजिनाची घरघरही मंद झाली होती.

म्हाताऱ्याने रिकामा कप बशीत पालथा घातला. टोपी चढवली. उठला.

आल्वारही उठला.

"उतरायचंय का तुम्हाला?" मायकेनने आश्चर्याने विचारलं. ती फक्त आल्वारकडे बघत होती. "इथे कोणी नाही हो. उद्यापर्यंत दुसरी गाडीही नाही."

आल्वारने ओठांचा चंबू केला. श्शुप्.

इंगालिलने त्याची बाही पकडली. बाही हातात होती, हात लागत होता, पण तो तिचा नव्हताच. तो धुक्यातल्या पायवाटेकडे बघत होता. हा माणूस आज या दारातून गेला तर आपल्याला पुन्हा दिसणार नाही, हे तिला अगदी लख्ख कळलं. ओरडावं, तर मायकेनला काय सांगणार? ओढावं, तर आल्वार तिच्या दुप्पट. आणि जो माणूस वर्षभराने पहिल्यांदा काहीतरी मागतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? हेच तर मागत होते मी. त्याला काहीतरी हवंसं वाटू दे, म्हणून.

तिची नजर टेबलावर गेली, आणि मास्तरीण जागी झाली. कठीण प्रसंगी हातांना काम द्यावं, असं ती पोरांना सांगायची.

एका हातात त्याची बाही तशीच धरून तिने दुसऱ्या हाताने थर्मास उचलला आणि आल्वारचा कप भरला. काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत.

"आल्वार," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी कॉफी ओतली आहे."

आल्वारने बाही ताणत दाराकडे पाऊल टाकलं होतं. तो थांबला.

"मी ओतली आहे," ती पुन्हा म्हणाली. "तुझ्यासाठी. आता उठून जाणार असशील तर जा. मग मी कोण लागते तुझी, तेही सांगून जा."

दलदलीत क्रौंच ओरडत राहिले. आल्वार कपाकडे बघत होता. वाफ वर चढत होती. त्याने मान वळवून म्हाताऱ्याकडे पाहिलं. परवानगी मागताना लहान मुलाचा चेहरा होतो, तसा त्या साठी ओलांडलेल्या माणसाचा झाला होता.

म्हातारा दारात उभा होता. त्याने पहिल्यांदाच इंगालिलकडे नीट पाहिलं. डोळे निळे होते, आल्वारचेच. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. स्वतःची चुकलेली गाडी त्याला आठवली असावी.

"कॉफी संपव," तो मुलाला म्हणाला. प्रवासभरात तेवढेच शब्द.

आणि तो उतरला.

आल्वार बसला. दोन्ही हातांनी कप धरला आणि प्यायला लागला. घोटाघोटाला त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इंगालिलने त्याची बाही सोडली नाही. दार लागलं, गाडी हलली, फलाट मागे गेला, खांब मागे गेला. तिने मागे वळून बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने मायकेन आली. चेहरा गोंधळलेला. "एक गंमत सांगू? तबकडी आज आपोआप सरळ झाली. मी उतरायला निघाले तर सरळच! इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं."

"कोणी चढलं की सरळ करतात ना?" आल्वार म्हणाला.

मायकेनने डोळे विस्फारले. "अरे, बोलता की तुम्ही!"

"बायको बोलू देत नाही," आल्वार म्हणाला. इंगालिलने त्याला कोपराने ढोसलं. पुढे कितीतरी वेळ तो बोलत होता. नद्यांची नावं, माशांची, बापाची. मग बोलता बोलता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, तोंड उघडं टाकून. तो घोरत होता, श्वास आत, श्वास बाहेर, आणि इंगालिलने दोन्ही नीट ऐकले.

मग ती कप आवरायला लागली. टेबलावर एकच होता, तिचा. म्हाताऱ्याचा पालथा कप नव्हता. आल्वारचाही नव्हता. तिने आसनांखाली पाहिलं. कप नव्हते, पण आल्वारचे बूट दिसले. घोट्यापर्यंत ओले, आणि तळव्यांना दलदलीचं हिरवंगार शेवाळ चिकटलेलं.

ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. तो डब्याबाहेर गेला नव्हता. तिने त्याची बाही धरली होती, क्षणभरही सोडली नव्हती. तिने घाईघाईने त्याचा डावा हात उलटा केला. अंगठ्याखाली जुना व्रण होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्याच पटाशीने झालेला. होता. तोच होता. हात गरम होता.

ज्याला उतरायचं होतं तो उतरला असेल, तिने स्वतःला सांगितलं. जो राहिला तो माझा आहे. आणि रुमाल काढून तिने ते बूट स्वच्छ पुसले.

उत्तरेच्या टोकाला ते आठवडाभर राहिले. आल्वार मासे पकडायचा, हिलेवीला फोनवर त्यांची लांबी वाढवून सांगायचा. "विमानाने या आता तरी, डॉक्टरांना विचारून," ती म्हणाली, तर आल्वार म्हणाला, "वेडी आहेस का? वाटेत काही दिसत नाही त्यात." इंगालिल फोनपासून लांब जाऊन मनसोक्त हसली.

परतताना त्रानमीराला गाडी थांबली नाही. तबकडी सरळ होती. पण ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला, आणि स्वच्छ उन्हात तो फलाट त्यांच्या खिडकीसमोरून अगदी सावकाश गेला. बाकावर निळ्या काठाचे दोन कप होते, शेजारी शेजारी. दोन्हीतून वाफ निघत होती.

आल्वारने हात वर केला. कोणाला, ते तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने तिनेही केला.

लाल स्टेशनवर ती थर्मास आणि टोपली घेऊन उतरली. दुकानातल्या बाईने टोपलीत पाहिलं.

"एकच? मी तीन दिले होते ना तुम्हाला?"

"हो," इंगालिल म्हणाली. "दोन वर राहिले. वापरात आहेत."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर डब्याकडे पाहिलं. आणि काही न विचारता थर्मास पुन्हा भरायला घेतला.